‘लो एंड थिअरी’चा बेस : दादऱ्याचा केरवा करताना

आम्ही मराठी रॅपचं गाणं बनवतोय, या खेपेला त्यातला फक्त बेस, म्हणजे खर्जाची ओळ. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या अमेरिकन हिप-हॉप गटाचा ‘द लो एंड थिअरी’ हा अल्बम २४ सप्टेंबर १९९१ला आला. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण अजूनही जॅझपाशीच घुटमळतात. नावातच खर्ज आहे, तिकडे लक्ष जात नाही. मूळ नमुना (सँपल, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून कापलेला तुकडा) आमच्या गाण्यात वापरलेला नाही. पद्धत त्यांची, वाजवणं आपलं.

पहिल्याच गाण्याची, ‘एक्सकर्शन्स’ची, बेसची ओळ जॅझ ड्रमर आर्ट ब्लेकीच्या १९७३च्या ‘अ चँट फॉर बू’मधली. मुळात ती सहाच्या चालीत आहे. गटाचा रॅपर आणि निर्माता क्यू-टिप याने तिला भर घालून चारच्या ठेक्यात बसवली. म्हणजे आपल्या भाषेत सहा मात्रांच्या दादऱ्याचा आठ मात्रांचा केरवा.

आपला वेग ९२ बीपीएम (मिनिटाला ९२ ठोके) ठेवला. ठोक्याचे दोन भाग केले की एक मात्रा ३२६ मिलिसेकंदांची पडते. सहा मात्रा १.९६ सेकंद, आठ मात्रा २.६१. एसपी-१२०० या जुन्या सँपलर मशीनमध्ये एका नमुन्याला जास्तीत जास्त २.५ सेकंद मिळतात (एकूण साठाच १० सेकंदांचा), त्यामुळे आठ मात्रा सरळ मावत नाहीत, सहा आरामात मावतात. सहाच घ्यायच्या आणि दोन परत वाजवायच्या. पण कुठल्या दोन? पहिली-दुसरी शेवटी जोडली की सातव्या मात्रेवर कानाला सम आल्यासारखी वाटते आणि पुढच्या खऱ्या समेला काही वजन राहत नाही. पाचवी-सहावी परत घेतली की ओळ समेकडे ढकलली जाते. तेच ठेवलं. काप सुराच्या आघाताच्या किंचित आधी, शून्य छेदावर (जिथे ध्वनिलहर शून्य ओलांडते तिथे). फेड, म्हणजे आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं, २ मिलिसेकंद. क्रॉसफेड (दोन तुकडे एकमेकांत मिसळणं) नको, आधीच्या सुराची शेपूट तुटण्यातच मजा आहे.

तबकडीवरून घेणाऱ्यांसाठी: ३३⅓ची एलपी ४५वर फिरवून घेतली की २.५ सेकंदांत ३.३७ सेकंदांचं संगीत बसतं. ही जुनी युक्ती. गोम अशी की वेग १.३५ पट होतो, म्हणजे सूर ५.२ अर्धस्वर चढतो, आणि मशीन अर्धस्वराच्या पायऱ्यांनीच उतरतं. पाच पायऱ्या उतरल्यावर सुमारे २० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) शिल्लक राहतात. ही जवळजवळ एक प्रमाणश्रुती (सर्वांत लहान श्रुती) झाली. दुसरं वाद्य सोबत आलं की लगेच खुपते. टर्नटेबलचा पिच स्लायडर –१.१ टक्क्यांवर ठेवून रेकॉर्ड करा, मग पाच पायऱ्या बरोबर बसतात.

उभा बेस मिळाला नाही, म्हणून इलेक्ट्रिक बेसला फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी, टोन पूर्ण बंद, आणि अंगठ्याने फ्रेटबोर्डच्या टोकाशी छेड. पीक –१२ डीबीच्या वर जाऊ दिलेला नाही. मग एसपी-१२००सारखा आवाज यावा म्हणून पाच अर्धस्वर चढवून २६.०४ किलोहर्ट्झ, १२ बिटवर उतरवलं आणि परत पाच खाली आणलं. खाली आणताना सॉफ्टवेअरचं इंटरपोलेशन (मधल्या जागा गुळगुळीत भरणं) बंद करा. ते चालू राहिलं तर आवाज नुसता मंद होतो, खरखरीत होत नाही. वरची मर्यादा आता साधारण ९.७ किलोहर्ट्झ, म्हणून झांजा या वाटेने आणायच्या नाहीत.

खरी डोकेदुखी किकची, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या ठोक्याची. ओळीत खालचा ‘ए’ (५५ हर्ट्झ) वारंवार येतो आणि किकही ५५लाच होती. दोन्ही एकत्र आली की पोटातला धक्का गायब. पोलॅरिटी उलटून थोडं सुधारलं, पण प्रत्येक सुराला नाही. किक ६५वर चढवली आणि ४ मिलिसेकंद पुढे सरकवली, तेव्हा भागलं. खर्ज वाढवून मात्र हा प्रश्न सुटत नाही. लो एंड म्हणजे मिरवणुकीतली डॉल्बीची भिंत नव्हे. त्या अल्बमची ध्वनी-बाजू सांभाळणाऱ्या बॉब पॉवरचं मिक्स मोनोत ऐका, मोकळी जागा किती आहे ते कळेल. ‘व्हर्सेस फ्रॉम द अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’मध्ये खुद्द जॅझचा बेसवादक रॉन कार्टर वाजवतो, तिथे तर बाकी सगळे बाजूला सरकतात.

स्विंग (जोडीतली पहिली मात्रा किती लांबवायची ते) ५४ टक्के (सोळांशाची जोडी १७६ आणि १५० मिलिसेकंद). ५८ला गेलं की ओळ लंगडते.

चरचर हवी म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून (बुधवार, रविवार) तबकड्या आणणाऱ्यांना एक सूचना: ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकडीवर एलपीची सुई लावू नका. ती खोबणीच्या तळाला घासते. ७८साठी ३ मिलची (इंचाच्या तीन हजारांश) सुई लागते, आणि धुताना अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते.

स्वागताबद्दल थोडक्यात. ‘द सोर्स’ या हिप-हॉप मासिकाने पाच माइक, म्हणजे पैकीच्या पैकी दिले. बिलबोर्ड २००वर ४५व्या क्रमांकापर्यंतच मजल गेली, पण १९९२च्या फेब्रुवारीत गोल्ड, १९९५मध्ये प्लॅटिनम, आणि २०२२मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत समावेश. आमच्या मते यात गटाचा दुसरा रॅपर फाइफ डॉगचा वाटा कमी मोजला जातो. ‘चेक द ऱ्हाइम’मधली त्याची आणि क्यू-टिपची देवाणघेवाण सरळ सवाल-जवाब आहे.

पुढचं काम तेच, आपल्या गाण्यात दोघांचा सवाल-जवाब. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ‘आहे’ला ‘नाही’ जुळवून यमक फुकट मिळतं आणि ओळ शिळी होते. क्रियापदाच्या आधीच माइक दुसऱ्याकडे द्यायचा, असं १६ बारवर (एक बार म्हणजे चार ठोके) करून बघणं चालू आहे. सध्या आठव्या बारला श्वास अपुरा पडतो.