प्लॉट नंबर ४५३६३

नागपुरात एवढ्या नंबरापर्यंत जाईल असं ले-आउट अजून तरी कुणी पाडलेलं नाही. तरी एका पतसंस्थेच्या सभेच्या नोटिशींची लेबलं प्रूफला काढली, तेव्हा मानेवाड्याच्या एका सभासदाचा पत्ता तसाच निघाला. खाली सक्करदऱ्याचे, महालातलेही काही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे सगळ्या संस्थांच्या याद्या एकदमच येऊन पडतात. एक्सेलमध्ये नाव, प्लॉट नंबर, ले-आउट, खूण, वस्ती, पिन हे सहा कॉलम जोडून एक पत्ता करायचा. कॉन्कॅटिनेट या जुन्या जोडणाऱ्या फंक्शनला एकेक सेल सांगावा लागतो. नवं कॉन्कॅट सगळी रेंज घेतं, पण मधे स्वल्पविराम टाकत नाही. & ने जोडावं, तर ‘मंदिराच्या मागे’चा रकाना रिकामा असला की दोन स्वल्पविराम शेजारी शेजारी. म्हणून टेक्स्टजॉइन: आधी जोडायचं चिन्ह, मग रिकामे सेल गाळायला ट्रू, मग रेंज. लेबलवर ओळी हव्या असतील तर चिन्हाच्या जागी कॅर(१०), म्हणजे नव्या ओळीची खूण, आणि सेलला रॅप टेक्स्ट. मात्र सेलमध्ये नुसती स्पेस असली तर तो रिकामा धरला जात नाही. वेबवरून चिकटवलेली स्पेस बहुधा १६० नंबरची असते, तिला जादा स्पेस काढणारं ट्रिम हातही लावत नाही. आधी सब्स्टिट्यूटने ती साधी करायची, मगच ट्रिम. आणि संस्थेकडे एक्सेल २०१६ असेल तर टेक्स्टजॉइन तिथे नेम एरर देतं, म्हणून जोडलेला कॉलम सूत्र काढून नुसती व्हॅल्यू करूनच पाठवायचा.

इथपर्यंत रोजचं. संस्थेच्या बाबूंना फोन केला तर उत्तर आलं, “आमच्या शीटात तर बरोबर दिसून राहिलं, भाऊ.” त्यांच्या शीटात ‘१२-मार्च’ दिसत होतं! याद्या टाइप करून घेणारे लोक शीट वाचत नाहीत, फक्त भरतात.

झालं असं की २०२४ मध्ये टाइप करणाऱ्याने प्लॉट नंबर १२/३ टाकला. एक्सेलने तो १२ मार्च समजून घेतला. तारीख आत नुसता आकडा असते, १ जानेवारी १९०० पासून मोजलेला, आणि १२ मार्च २०२४ म्हणजे ४५३६३. सेलमध्ये तो तारखेचा सदरा घालून बसतो. टेक्स्टजॉइन सदरा काढून आकडाच उचलतं. टेक्स्ट फंक्शनला ‘डी/एम’ सांगितलं की १२/३ परत मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फसतात ते ३/५५ ला. ५५ नावाचा महिना नाही, म्हणून एक्सेल तो मार्च १९५५ धरतं, आत २०१४९ ठेवतं, आणि ‘डी/एम’ लावलं की १/३ देतं. दिसायला अगदी खरा प्लॉट नंबर, आणि नोटीस भलत्याच घरी. ४५३६३ परवडला, निदान डोळ्यांत तरी खुपतो.

यावर सेल नावाचं एक दुर्लक्षित फंक्शन आहे. त्याला ‘फॉरमॅट’ विचारलं की दिवस-महिना असेल तर डी२ आणि महिना-वर्ष असेल तर डी३ असं उत्तर देतं. मग इफने डी२ ला ‘डी/एम’, डी३ ला ‘एम/वायवाय’, बाकी सगळं जसंच्या तसं. ४५/२ सारखे नंबर मुळातच टेक्स्ट राहिलेले असतात, त्यांना काही होत नाही. हे सगळं एका मदतीच्या कॉलममध्ये करायचं आणि टेक्स्टजॉइनला मूळ प्लॉट कॉलमऐवजी तो द्यायचा.

पण महालाच्या शीटात तारखा दिसल्या म्हणून कुणीतरी हुशारी करून अख्खा कॉलम नंतर टेक्स्ट केला होता. टेक्स्ट करायचा तो भरण्याआधी. नंतर केला की सदरा कायमचा जातो, उरतो आकडा, आणि सेल फंक्शन नुसतं जी, म्हणजे जनरल, सांगतं. वर्ष १९५५ निघालं तर ३/५५ ओळखता येतो. १२ मार्च २०२४ चा १२/३ ही कळतो, कारण महिना-वर्ष असतं तर दिवस १ आला असता. ४५३५२ चं काय करायचं? तो १ मार्च २०२४. टाइप करणाऱ्याने १/३ टाकला असेल, नाहीतर ३/२४. दोन्ही आत एकच. जगातलं कुठलंही सूत्र हे सांगू शकत नाही. तेवढ्या ओळी पिवळ्या करून यादी परत पाठवली आणि सभासदत्वाचे मूळ अर्ज काढायला सांगितलं. बाबू म्हणाले, अंदाजे टाका ना.