आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी पायांना मुंग्या

आमच्या मुलीच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग ती तान्ही असतानाच काढावा लागला. त्यानंतर सगळ्यांचं लक्ष तिच्या वजनाकडे आणि शीकडे. दोन्ही मार्गी लागलं, शाळा सुरू झाली. पुढे काही वर्षांनी ती अंधारात भिंतीला हात लावत चालू लागली. उजेडात ठीक, दिवा मालवला की पाय अडखळायचे. पायांना मुंग्या येतात हे तिने फार उशिरा सांगितलं. मुलांना वाटतं, सगळ्यांना असंच होत असणार.

हिमोग्लोबिन व्यवस्थित आलं. पण मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा, वाजवून तिच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. थरथर कळते का? नाही. घोट्यावर? नाही. गुडघ्यावर टेकवल्यावर ती एकदम म्हणाली, "हां, इथे गुणगुणतंय!" मग पाय जुळवून डोळे मिटायला सांगितले, तर तिचा तोलच जायला लागला.

नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्व शोषलं जातं ते आतड्याच्या नेमक्या त्याच, तिच्या पोटात नसलेल्या भागात. यकृतातला साठा पुरतो तोवर काही जाणवत नाही. शिवाय तिला फॉलिक अ‍ॅसिड चालू होतं. त्याने रक्त सुधारतं, नसांची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. म्हणूनच हिमोग्लोबिनवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. बी-१२ची पातळी काठावर होती, तेव्हा बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड तपासलं; ते वाढलेलं निघालं आणि कमतरता पक्की झाली.

ई जीवनसत्त्वही कमी होतं. पित्तक्षार याच भागातून परत शोषले जातात; ते वाया गेले की चरबी पचत नाही आणि चरबीत विरघळणारं ई शरीराला मिळत नाही. त्याच्या अभावीही तोल जातो. ई मोजताना रक्तातली चरबीही बघावी लागते, नाहीतर आकडा फसवतो.

बी-१२ची इंजेक्शनं आधी लागोपाठ, आता ठरावीक अंतराने, जन्मभर. ई पाण्यात मिसळणारं, तोंडाने. मुंग्या आधी गेल्या, चाल हळूहळू सुधारली. अंगठ्याला थरथर अजून पुरती कळत नाही.

तुमच्या मुलाचं असं ऑपरेशन झालं असेल तर आतड्याचा कोणता भाग आणि किती काढला, हे सर्जनकडून लिहून घ्या. मूल कितीही ठणठणीत दिसलं तरी दर तपासणीला बी-१२ आणि ई बघायला सांगा. तांब्याच्या कमतरतेनेही अशीच लक्षणं येतात, तेही विचारा.