धुऱ्याची केस आम्ही दिल्लीपर्यंत नेली त्याचा माझा अनुभव

आमच्याकडे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, पानठेल्यावर कोणाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाजलं का पहिलं वाक्य तेच, "सुप्रीम कोर्टात खेचतो तुले." बाबाही तेच म्हणायचे आणि खरं सांगतो, मलाही वाटायचं का खालून वर, वरून आणखी वर असं जात राहायचं, कुठंतरी आपलं ऐकतीलच.

वाद ११ आर जमिनीचा. चुलत काका दरवर्षी वखरताना धुरा थोडा थोडा आमच्याकडे सरकवत आले आणि मोजणी केली तेव्हा ११ आर त्यांच्या वहितीत निघाली, मोजणीची क-प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, आमच्या हातात, मग काय, तालुक्याच्या कोर्टात दावा. तिथं जिंकलो. काकांनी जिल्हा कोर्टात अपील केलं आणि तिथं उलटं झालं. कोर्टानं म्हटलं का मोजणी करणाऱ्याची साक्षच झाली नाही, काकांच्या गटाची मोजणी सोबत झालेली नाही, मग नुसत्या नकाशावर अतिक्रमण कसं मानायचं. आमच्या तेव्हाच्या वकिलाला मोजणीदाराला समन्स काढायचं सुचलं नाही आणि आम्हाला तर माहीतच नव्हतं का असं काही असते. क-प्रत आहे न, सही-शिक्का आहे न, मग झालं, असा आमचा हिशोब.

मग नागपूर खंडपीठात दुसरं अपील. इथं पहिल्यांदा वकीलसाहेबांनी बाबांना समोर बसवून सांगितलं, "काका, धुरा कुठं होता हे हायकोर्ट आता पाहणार नाही. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागते, कलम १०० तसंच आहे." १९७६ च्या दुरुस्तीपासून दिवाणी संहितेत हे पक्कं झालं म्हणे. बाबांनी मान हलवली पण डोक्यात काही गेलं नाही, बाहेर आल्यावर मला म्हणतात, "धुराच पाहत नाही तर पाहते काय मंग?" अपील दाखल करून घ्यायच्या टप्प्यावरच फेटाळलं.

आता दिल्ली. मी मोबाईलवर रात्र रात्र वाचलं, राज्यघटनेच्या कलम १३३ मध्ये सुप्रीम कोर्टात दिवाणी अपिलाची सोय आहे हे सापडलं तेव्हा मला वाटलं का आपण जिंकलो. सकाळीच वकीलसाहेबांना फोन. ते हसले. म्हणे, त्यासाठी हायकोर्टाचं प्रमाणपत्र लागते, का या केसमध्ये सगळ्यांच्या कामाचा मोठा कायदेशीर प्रश्न आहे आणि तो सुप्रीम कोर्टानंच सोडवायला पाहिजे. आणि त्याच कलमात खाली तिसरं पोटकलम वाच, हायकोर्टाच्या एकट्या न्यायाधीशाच्या निकालावर हे अपील चालतच नाही. आमचा निकाल एकट्याच न्यायाधीशांचा. आधी २० हजारांच्या वरच्या दाव्याला रकमेवरून अपील जायचं, ते १९७२ च्या ३० व्या घटनादुरुस्तीनं गेलं. थोडक्यात आमच्यासाठी हक्काचा दरवाजा नव्हताच. उरलं कलम १३६, विशेष परवानगीची याचिका, ज्याला सगळे एसएलपी म्हणतात. तिथं आधी अपील करू द्या अशी परवानगी मागायची, आणि द्यायची का नाही ती त्यांची मर्जी.

"शंभरातले किती घेतात?" मी विचारलं. "लगित कमी," एवढंच बोलले.

तरी केली. बाबा ऐकायलाच तयार नव्हते. मुदत ९० दिवसांची, त्यात आम्ही तूर काढण्यात आणि काकांशी बोलणी करण्यात २३ दिवस जास्त घालवले, म्हणून उशीर माफ करा असा वेगळा अर्ज. सातबारा, फेरफार, साक्षी, जे काही मराठीत होतं ते सगळं इंग्रजी करून घ्यावं लागलं, 'धुरा' या शब्दाला भाषांतर करणाऱ्या माणसानं तीन ठिकाणी तीन शब्द लिहिले, ते मी बसून एक केले. वकिलामार्फत करायची तर याचिका दाखल फक्त अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्डच, म्हणजे सुप्रीम कोर्टात तशी नोंद असलेला वकीलच, करू शकते, आपल्या वकिलाला तिथला गाठावा लागते. यात सोयाबीनच्या दोन हंगामांचे पैसे गेले. नंतर कळलं का वर्षाचं उत्पन्न ५ लाखांच्या आत असलं का सुप्रीम कोर्टाच्या विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळते, आणि बाईमाणूस असेल तर उत्पन्नही पाहत नाही. वावर आईच्या नावावर असतं तर? जाऊ द्या.

जायची गरज नव्हती पण बाबांना कोर्ट पाहायचंच होतं. नागपूरहून रेल्वेनं गेलो, आईनं दिलेल्या भाकरी आणि ठेचा आग्र्यापर्यंत पुरला. सोमवार होता, नव्या केसेसची ही गर्दी. आमचा नंबर आला, दोन न्यायाधीश, फाईल त्यांनी वाचलेली होती हे मात्र मानावं लागेल. एकच प्रश्न, मोजणीदाराची साक्ष झाली होती का? आमचे वकील म्हणाले नाही, पण... आणि तो 'पण' पुढं गेलाच नाही. डिसमिस. मला वाटते दीड मिनिट. बाबा मला विचारत होते, आपला नंबर कधी येईन?

गावात आलो तर काकांनी पेढे वाटले होते, सुप्रीम कोर्टानं जमीन माह्या नावानं देली म्हणून. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण तसं नसते. कारण न देता परवानगी नाकारली का त्याचा अर्थ एवढाच, आम्ही ऐकत नाही. खालचा निकाल बरोबर आहे असं सुप्रीम कोर्ट त्यातून म्हणत नाही, हे २००० च्या कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या निकालात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी पानठेल्यावर हे समजावून सांगितलं. एक जण म्हणाला, "मंग जमीन कोणाकडे हाय?" मी म्हटलं काकांकडे. "हं," म्हणाला आणि चुना मळायला लागला.

पुनर्विलोकनासाठी, म्हणजे त्याच कोर्टाला पुन्हा विचार करा म्हणायला, ३० दिवस होते, वकीलसाहेब म्हणाले पैसे वाचवा. जूनमध्ये बाबांनी धुऱ्याकडची तुरीची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, सोडून पेरणी केली. काका बैल थांबवून पाहत होते. दोघंही काही बोलले नाहीत.