बंदरावर नको ते प्रश्न विचारताना

एचआयव्ही प्रतिबंधाच्या एका अभ्यासासाठी मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात खलाशांच्या मुलाखती घेतल्या. एथिक्स कमिटीची मंजुरी, संमतिपत्रं, नावाऐवजी क्रमांक, हे सगळं रीतसर पार पडलं. प्रश्नावली उघडली आणि गाडी अडली.

"गेल्या तीन महिन्यांत बायकोशिवाय कुणाशी संबंध आला? निरोध वापरलात?" जाळं विणता विणता मान वर न करता उत्तर येई, "नाय ओ ताई, आमी तसली मानसं न्हय." झालं, पुढची दोन पानं कोरी! बहिणीच्या वयाच्या बाईला तो दुसरं काय सांगणार? त्यात पलीकडे बोटीचा प्रमुख, तांडेल बसलेला, कान आमच्याकडे लावून.

प्रशिक्षणात झिंबाब्वेचा एक अभ्यास सांगितला होता. निरोधाविना संबंध आला तर वीर्यातलं पीएसए हे प्रथिन योनीतल्या नमुन्यात साधारण दोन दिवस सापडतं. तिथे ज्या स्त्रियांच्या नमुन्यात ते सापडलं, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या जणींनी संबंध आलेच नाहीत किंवा निरोध वापरला, असं सांगितलं होतं. संगणकावर एकटीला उत्तर द्यायला लावूनही फारसा फरक पडला नव्हता. तेव्हा आमचे खलाशी काही जगावेगळे नव्हते.

'तीन महिने' ही मुदतही ऑफिसात बसून ठरवलेली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बरेच खलाशी गावी. ऑगस्टात विचारलं तर एक उत्तर, डिसेंबरात दुसरंच. मग कॅलेंडर पुढ्यात ठेवून मागे मागे जायला लागलो: नारळी पौर्णिमेला बोट कुठे होती, गणपतीला घरी गेलात का, हिशोब कधी झाला, त्या रात्री मुक्काम कुठे? या पद्धतीला टाइमलाइन फॉलोबॅक म्हणतात. मुळात ती दारूचं प्रमाण मोजायला निघाली. आठवणी सुधारल्या, लाज मात्र होती तिथेच.

शेवटी पोलिंग बूथ करून पाहिला. कर्नाटकात ही पद्धत बरीच वापरली गेली आहे. जाळी ठेवायच्या शेडमध्ये पुठ्ठ्यांचे आडोसे केले, प्रत्येकापुढे तीन डबे: हिरवा होकाराचा, लाल नकाराचा, पांढरा 'लागू नाही'चा. मी प्रश्न मोठ्याने वाचायचा, प्रत्येकाने त्या प्रश्नाच्या क्रमांकाची चिठ्ठी आपल्या उत्तराच्या डब्यात टाकायची. चिठ्ठ्या नंतर सगळ्यांच्या एकत्र करून मोजायच्या. पैसे देऊन संबंध ठेवल्याच्या ज्या प्रश्नावर तोंडी एकही होकार मिळाला नव्हता, त्याच्या चिठ्ठ्या आता हिरव्या डब्यांतून निघायला लागल्या. एक पोरगा तर विचारतो, "चुकून दोन पडल्या तर बाद काय?"

पण या चिठ्ठ्यांवरून बंदरात काय चालतं एवढंच कळतं. पैसे देणाऱ्यांपैकी निरोध किती जण वापरतात, हे जुळवता येत नाही, कारण एका माणसाची उत्तरं एकत्र राहतच नाहीत. त्यासाठी समोरासमोरची मुलाखत लागतेच. म्हणून अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यायचे असा मी हट्ट धरला. वरून एकच आकडा हवा होता, तक्ता सुटसुटीत दिसतो म्हणे. मी ऐकलं नाही.