वाळा, मोगरा आणि सोलापूरचं ऊन

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की लिंबू-संत्र्याच्या वासाचं परफ्यूम सात रस्ता चौकापर्यंतही टिकत नाही. म्हणून जुळे सोलापुरातल्या परफ्यूम बनवण्याच्या वर्कशॉपला गेले ते एकच हट्ट धरून: वास उन्हात टिकला पाहिजे आणि त्यात वाळा हवा. माठातल्या पाण्याला येतो, अगदी तसा.

शिकवणाऱ्या ताईंनी आधी कागदी पट्ट्यांवर एकेक वास दिला. लिंबू आणि बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ) वरचे, पटकन उडणारे. मधले गुलाब, मोगरा. तळाला चंदन, पचौली, वाळा. यांचे रेणू जड, म्हणून ते सावकाश उडतात. वाळ्याचं तेल तर इतकं दाट की ड्रॉपरमधून उतरेचना. नाक थकल्यावर मी कॉफीच्या बियांकडे हात नेला, तर ताई म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा स्वतःच्या बाहीचा वास घ्या." खरंच, नाक ताळ्यावर आलं.

सगळ्यात जास्त वेळ मोगऱ्याने घेतला. फुलांचा खरा अर्क फार महाग, त्यामुळे आम्हाला प्रयोगशाळेत तयार केलेलं मिश्रण मिळालं होतं. गोड, पण साबणासारखं. ताईंनी त्यात पातळ केलेल्या इंडोलचा एक थेंब टाकायला सांगितला. नुसतं इंडोल हुंगलं तर डांबराच्या गोळ्या आठवतात, मला तर भीतीच वाटली. पण खऱ्या मोगऱ्यातही ते असतंच, आणि तो थेंब पडल्यावर मिश्रणाला संध्याकाळच्या गजऱ्याचा किंचित उग्र गर्दपणा आला. मला फार आनंद झाला!

मग वाळा घातला तर त्याने मोगरा पार झाकून टाकला. तो निम्मा केला, मध्ये चंदन घातलं, तेव्हा दोघं एकत्र नांदले. साधारणपणे तळाचे वास वीसेक टक्के ठेवतात. ताईंशी बोलून मी उन्हासाठी ते पस्तीसपर्यंत नेले आणि लिंबू कमी केलं. थेंब लहान-मोठे पडतात, म्हणून सगळं वजनकाट्यावर मोजलं: 6 ग्रॅम सुगंधी मिश्रण, 24 ग्रॅम अल्कोहोल. बर्गमॉट मात्र बर्गाप्टेन काढलेलंच घ्या. साध्या तेलातल्या त्या घटकामुळे उन्हात त्वचेवर डाग पडू शकतात, आणि आपल्याकडे ऊन चुकवणार कसं?

बाटली काही आठवडे अंधाऱ्या कपाटात मुरवली. आता सकाळी लावलं की दुपारी मनगटावर वाळा आणि चंदन ठळक येतात, मोगरा मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत विरलेला असतो. पुढच्या बाटलीत मोगरा वाढवणार आहे, वाळा आहे तेवढाच ठेवून.