मशीनचा आवाज

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीला लागून माझं शिलाई मशीन आहे. चिऊ पोटात असताना आठवा लागेपर्यंत मी ब्लाऊज शिवत होते. सासूबाई म्हणायच्या, "पायडल मारू नको गं, कंबर धरंल." मग मोटर बसवून घेतली, पण शिवण थांबवली नाही.

पोटातल्या बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकू यायला लागतं, हे मला नंतर कळलं. अनुभव मात्र तेव्हाच येत होता. विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवर डॉल्बी लागला की ती आतून अशी दचकायची की माझा हात आपसूक पोटावर जायचा. मशीनच्या आवाजाला मात्र निवांत असायची. जन्मल्यावरही तसंच. नव्या बाळाला वीतभर, फार तर दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं. आवाज मात्र आधीपासून ओळखीचे असतात. रडायला लागली की मी मशीन चालू करायची आणि ती शांत व्हायची.

दीड महिन्यात ओळखून हसली, सहाव्यात "बा-बा-बा" सुरू झालं, नवव्यात हाक मारली की वळायची. त्यानंतर सर्दीनं पाठ धरली. वर्षाची झाली आणि चालायला लागली, त्यामुळे घर खूश. पाऊल सगळ्यांना दिसतं, शब्द कोण मोजतो? दीड वर्षाची झाली तरी "आई"पलीकडे काही नव्हतं. "हिचा बाप पण उशिराच बोलला," एवढ्यावर विषय मिटायचा.

एका दुपारी ती माझ्याकडे पाठ करून खेळत होती. मी मशीन चालू केलं. वळली नाही. हाक मारली, तरी नाही. स्वयंपाकघरातून परात आणून जोरात वाजवली, तेव्हा दचकून वळली. माझ्या पोटात खड्डा पडला.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्यामागे चिकट पाणी साठलंय. नाकामागून कानात जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते, सर्दीत ती तुंबते. मोठे आवाज पोचतात, बोलणं पुसट होतं. जन्मानंतरची कानाची तपासणी ठीक आली होती म्हणून मी निर्धास्त होते; पण हे पाणी नंतर कधीही साठू शकतं. बहुतेकांचं तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. चिऊचं ओसरलं नाही, म्हणून पडद्यात बारीक नळ्या बसवाव्या लागल्या. न्हाऊ घालणाऱ्या मावशी कानात कोमट तेल सोडायच्या. त्यानं हे झालं नव्हतं, पण तेही घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

अंगणवाडीताईंनी दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड मी फक्त लसींच्या तारखांसाठी उघडायची. बाळ कधी आवाजाकडे वळतं, कधी बोलतं, हे त्यात चित्रांसकट आहे. तुमच्या घरी असेल तर आज ते पान उघडा. वर्षाचं बाळ हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं चार शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं "दूदू दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तर घरातल्या कुणाचंही न ऐकता आधी कान तपासून घ्या. माझे जवळजवळ सहा महिने वाट बघण्यात गेले.

परवा मशीन सुरू केलं, तर आतल्या खोलीतून पळत आली आणि म्हणाली, "आई, टकटक." पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.