केन्सचं ते वाक्य आणि त्याच्या पुढचं

पैशापाण्याच्या रील्समध्ये हल्ली केन्स, म्हणजे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स, फार दिसतो. ब्लॅक अँड व्हाइट फोटो, खाली मोठ्या अक्षरात "लाँग रनमध्ये आपण सगळे मेलेलेच असणार", आणि कॅप्शन काय तर ईएमआयवर फोन घ्या, फिरून या, उद्याचं कोणी पाहिलंय. दुसऱ्या पार्टीचे लोक हेच वाक्य घेऊन त्याला झोडतात, की बघा, कर्ज काढून उधळा आणि पुढच्या पिढीला फेडत बसू दे म्हणणारा हाच तो. भांडण जोरात, पुस्तक मात्र दोघांनीही उघडलेलं नाही.

वाक्य १९२३ च्या 'अ ट्रॅक्ट ऑन मॉनेटरी रिफॉर्म'मधलं, तिसरं प्रकरण. विषय बाजारातला पैसा आणि भाव. पैसा दुप्पट केला की भाव दुप्पट, बाकी सगळं जिथल्या तिथे, अशी जुनी थिअरी. केन्स म्हणतो लाँग रनमध्ये हे बहुतेक खरंही असेल, पण आत्ता काय चाललंय ते कळायला त्या लाँग रनचा उपयोग नाही, उलट दिशाभूलच होते. मग ते फेमस वाक्य. आणि त्याला लागूनच पुढचं, की वादळ चालू असताना अर्थतज्ज्ञ जर एवढंच सांगणार असतील की वादळ सरल्यावर समुद्र पुन्हा शांत होईल, तर त्यांनी फारच सोपं आणि बिनकामाचं काम अंगावर घेतलंय. म्हणजे बोलणी त्याने आपल्याच जातभाईंना घातलीयेत, उधळपट्टीचा तिथे संबंधच नाही. बरं, अख्खं पुस्तक भाव स्थिर ठेवण्याबद्दल आहे, महागाईने बचत करणाऱ्यांची कशी वाट लागते हे त्यात पानंच्या पानं लिहिलंय!

(त्याच वर्षी लंडनमध्ये बाबासाहेबांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आलं. त्यात त्यांनी केन्सचं रुपयाबद्दलचं मत खोडलंय, पण आधी त्याचा मुद्दा मांडून. विरोध असा करतात.)

२०१३ मध्ये तर नायल फर्ग्युसनसारखा नावाजलेला इतिहासकार एका कॉन्फरन्समध्ये ह्याच वाक्यावरून म्हणाला की केन्स समलिंगी, मूलबाळ नाही, त्याला भविष्याची कसली फिकीर. नंतर माफी मागितली ते सोडा, पण केन्सने १९३० मध्ये 'आपल्या नातवंडांच्या काळातल्या आर्थिक शक्यता' ह्या विषयावर निबंध लिहिलाय, १०० वर्षांनी लोक आठवड्याला १५ तास काम करतील वगैरे. तो अंदाज साफ फसला हे मान्य, ऑफिसात बसूनच लिहितोय, पण फिकीर नव्हती असं कसं म्हणणार?

अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनचं तर अगदी नरो वा कुंजरो वा झालं. १९६५ च्या शेवटी 'टाइम'ने कव्हरवर केन्स छापला आणि आत फ्रीडमनच्या नावावर वाक्य टाकलं, "आता आपण सगळेच केन्सवादी". म्हणजे कट्टर विरोधकानेच शस्त्रं टाकली! त्याने फेब्रुवारी १९६६ मध्ये पत्र पाठवून सांगितलं, बाबांनो, मी म्हणालो होतो एका अर्थी सगळेच केन्सवादी आणि दुसऱ्या अर्थी आता कोणीच केन्सवादी उरलेलं नाही. पत्र छापलं, पण शंख आधीच वाजून गेला होता. पुढे ते वाक्य लोकांनी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या खात्यावर टाकलं आणि तिथे तर दुसरा अर्धा भाग नावालाही उरला नाही.